चपट्या कृमींच्या तयार स्लाइड्स: निळा बॉक्स आणि काकांच्या सुट्या स्लाइड्स, दोन्ही वापरून लिहितेय

दिवाळीनंतर घरच्या बॅचसाठी चपट्या कृमींच्या (फ्लूक, टेपवर्म वगैरे) स्लाइड्सचा बॉक्स घेतला, तीन महिने जवळजवळ रोज वापरला, मग त्याच दुकानात बसणाऱ्या एका काकांनी हाताने केलेल्या सुट्या स्लाइड्सपण घेतल्या, तर दोन्हीबद्दल लिहितेय कारण घ्यायच्या आधी मला स्वतःला कुठे काही वाचायला मिळालं नव्हतं. मी इंदूरला लोकमान्य नगरमध्ये राहते, बीएस्सी झूलॉजीची अकरा-बारा मुलं घरी शिकायला येतात. कॉलेजांत डिसेक्शन बंद झाल्यापासून मुलांच्या हाताला प्राणी असा लागतच नाही, चार्ट बघायचा, मोबाईलवर फोटो बघायचा आणि व्हायवाला पाठ केलेलं म्हणायचं. स्लाइड ही एकच खरी वस्तू उरलीय. तिच्याकडे बघून पोरगं स्वतःच्या डोळ्याने काहीतरी ठरवू शकतं, म्हणून स्लाइडवर पैसे घालायला मी मागेपुढे बघत नाही.

दुकान खजुरी बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे, जिना चढून वर. नाव लिहीत नाही कारण खाली बऱ्याच तक्रारी आहेत आणि बॉक्स काही त्यांनी बनवलेला नाही, बाहेरून मागवतात, बनवणाऱ्याचंही नाव घेत नाही. निळा प्लास्टिकचा डबा, वर मोठ्या अक्षरात प्लॅटीहेल्मिंथिस (चपटे कृमी), पंचवीस स्लाइड्स, सोबत चार पानांचं माहितीपत्रक. मला १,८५० रुपयांना पडला. डब्याच्या खाचा चांगल्या आहेत, स्लाइड हलत नाही, झाकण घट्ट बसतं, एकदा मुलाच्या हातून टेबलावरून खाली पडला तरी एकही फुटली नाही.

आधी चांगलं सांगते. स्टेनिंग छान आहे. चपटा कृमी स्लाइडवर आणायचा म्हणजे दोन काचांमध्ये हलकेच दाबून फिक्स करायचा, कार्माइन नावाच्या लाल रंगात रंगवायचा, मग अ‍ॅसिड अल्कोहोलमध्ये जादाचा रंग काढायचा, अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्यांनी पाणी काढायचं, झायलीनने पारदर्शक करायचा आणि मग वर कव्हरस्लिप. यात रंग काढायची पायरी सगळ्यात नाजूक, घाई केली की सगळाच्या सगळा कृमी लाल ढेकळासारखा दिसतो, आत वृषण कुठे, अंडाशय कुठे काही कळत नाही. या बॉक्समधल्या निदान अठरा-एकोणीस स्लाइड्समध्ये आतली प्रत्येक गोष्ट वेगळी दिसते. चार-पाच स्लाइड्समध्ये मात्र कव्हरस्लिपच्या कडेने बुडबुडे आत शिरलेत, डीपीएक्स (कव्हरस्लिप चिकटवायचं द्रव्य) वाळताना आक्रसतो, भरताना थोडा जास्त घालायला लागतो, तो घातलेला नाही. अजून दोन-तीन वर्षांनी हे बुडबुडे आतपर्यंत जातील अशी मला भीती आहे.

आता मुख्य तक्रार, लेबल. प्रत्येक स्लाइडवर फक्त कृमीचं नाव आणि होल माउंट (अख्खा कृमी) किंवा सेक्शन (छेद) एवढंच. कुठल्या जनावरातून काढला, कुठल्या अवयवातून, कुठल्या गावचा, कधी, काहीच नाही. मी दुकानात विचारलं तर मालक म्हणाले, “ताई, वरूनच असं येतं, कोणी विचारतच नाही.” कोणी विचारत नाही हे मी समजू शकते पण परजीवी कृमींच्या बाबतीत यजमान (ज्याच्या अंगात कृमी राहतो तो प्राणी) आणि अवयव ही माहिती म्हणजे अर्धी ओळख असते. तोच कृमी लिव्हरमधून आला की आतड्यातून, म्हशीतून आला की मेंढीतून, यावर पुढचं सगळं वाचन अवलंबून. आणि माहिती नसली की नाव चुकलंय का हे तपासायलाही काही धागा राहत नाही. हे मी उगाच म्हणत नाहीये, या बॉक्समध्ये तेच झालंय.

पहिली स्लाइड लिव्हर फ्लूकची, म्हणजे गुरांच्या लिव्हरमधल्या पानासारख्या कृमीची, लेबल फॅसिओला हेपॅटिका. मुलांना मी सवयीने पट्टी लावून मोजायला सांगते. निघाला ४१ मिलिमीटर लांब, आणि कडा जवळजवळ समांतर. हेपॅटिका साधारण २० ते ३० मिलिमीटरची असते, पानासारखी, वरच्या टोकाला शंकू आणि त्याच्या खाली ठसठशीत खांदे. आमच्यावाल्याला खांदे असे नाहीतच, उतरते आहेत. ही फॅसिओला जायगँटिका असणार. आणि त्यात आश्चर्य काहीच नाही, आपल्याकडे मैदानी भागात गाई-म्हशींच्या लिव्हरमध्ये मुख्यतः जायगँटिकाच सापडते, हेपॅटिका थंड डोंगराळ भागातली. हेपॅटिकाला नाव लिनियसने १७५८ साली दिलं, जायगँटिका कॉबोल्डने १८५५ साली वेगळी केली, तरी आपली प्रॅक्टिकलची पुस्तकं युरोपच्या धर्तीवर लिहिलेली म्हणून कत्तलखान्यातून जे येईल त्यावर हेपॅटिका चिकटवतात. माझ्या शिकण्याच्या दिवसांतही हेच होतं, मीसुद्धा कॉलेजात जायगँटिका बघत हेपॅटिकाची आकृती काढून मार्क घेतलेत, आता मागे वळून बघताना लक्षात येतं. एक खरं की दाबून फिक्स केलेला कृमी थोडा पसरतो, आणि आशियात दोघींच्या मधली संकरित रूपंही सापडलीत, त्यांचा निकाल डीएनए बघूनच लागतो. म्हणूनच तर गाव आणि जनावर लिहिलेलं असतं तर किती मदत झाली असती.

लार्व्हांच्या, म्हणजे फ्लूकच्या वाढीतल्या आधीच्या रूपांच्या (अंड्यातून मिरासिडियम, गोगलगाईत स्पोरोसिस्ट आणि रेडिया, मग सर्केरिया), पाच स्लाइड्स आहेत आणि या पाचांसाठी मी बॉक्स घेतला होता खरं तर. मिरासिडियम अप्रतिम आहे, अंगभर केसांसारख्या सिलिया, डोळ्याचा ठिपका, अगदी स्वच्छ. अंड्यातून पाण्यात निघाल्यावर याच्याकडे एखादा दिवसच असतो, तेवढ्यात गोगलगाय सापडली तर ठीक नाहीतर संपलं. सर्केरियापण चांगला, शेपूट तुटलेली नाही. रेडियाच्या स्लाइडवर मात्र रेडिया नाही. रेडियाला तोंड असतं, त्यामागे गोल घट्ट फॅरिंक्स (घसा) आणि छोटंसं आतडं असतं, ती गोगलगाईच्या आत चक्क खाते. आमच्या स्लाइडवर नुसती पिशवी आहे, आत जर्म बॉल्स (ज्यांच्यापासून पुढची रूपं होतात ते पेशींचे गोळे), तोंड कुठेच नाही, म्हणजे ती स्पोरोसिस्ट आहे. दोन स्पोरोसिस्ट आल्या आणि रेडिया एकही नाही. हे माझ्या नाही, सेकंड इयरच्या एका मुलीच्या लक्षात आलं, तिने दोन्ही स्लाइड्स आलटून पालटून बघितल्या आणि म्हणाली, “मॅडम, याला तोंडच नाहीये.” मला फार बरं वाटलं.

मी तेव्हा मुलांना सांगितलं की ही सगळी रूपं एकाच प्राण्याची आहेत हे कळायला लोकांना किती वर्षं लागली. पाण्यात वळवळणारे सर्केरिया हे वेगळेच प्राणी धरले जायचे. डेन्मार्कच्या स्टीनस्ट्रपने १८४२ साली मांडलं की एका पिढीचं रूप दुसरीपेक्षा अगदी वेगळं असू शकतं, आणि सर्केरियाच पुढे फ्लूक होतो. मग १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत लॉयकार्ट आणि इंग्लंडात टॉमस, दोघांनी स्वतंत्रपणे लिव्हर फ्लूकचं पूर्ण चक्र गोगलगाईसकट जुळवलं. एका मिरासिडियमपासून शेकडो सर्केरिया होतात, ते गोगलगाईतून पाण्यात बाहेर पडून गवताला, पाणवनस्पतींना चिकटून कवच करतात आणि जनावर ते गवत खातं. हे सगळं ज्या स्लाइड्सवरून शिकवायचं त्यात रेडियाच चुकीची, म्हणजे साखळीची मधली कडीच गेली.

याहून गंभीर चूक टेपवर्मची. ग्रॅव्हिड प्रोग्लॉटिड म्हणजे अंड्यांनी भरलेला तुकडा, लेबल टीनिया सोलियम. गर्भाशयात काळी शाई भरून बनवलेली स्लाइड आहे, कारागिरी फार सुंदर, झाडाच्या फांद्यांसारखं काळं गर्भाशय. या फांद्या मोजायच्या असतात. सोलियममध्ये एका बाजूला मुख्य फांद्या ७ ते १३, सॅजिनाटामध्ये त्याहून जास्त, सहज १५ च्या वर. आम्ही चौघांनी वेगवेगळ्या मोजल्या, दोघांच्या १९ आल्या, एकाच्या १८, एकाच्या २०. म्हणजे ही सॅजिनाटा. बरं स्कोलेक्सची, म्हणजे टेपवर्मच्या डोक्याची, स्लाइड वेगळी आहे आणि ती खरोखर सोलियमची आहे, हुकांची दुहेरी रांग स्वच्छ दिसते, सॅजिनाटाला हुक नसतातच. म्हणजे एका बॉक्समध्ये डोकं एका जातीचं आणि तुकडा दुसऱ्या जातीचा आणि दोन्हीवर नाव एकच.

कोणी म्हणेल काय फरक पडतो, दोन्ही टेपवर्मच. फरक खूप पडतो. सॅजिनाटाची अंडी माणसाच्या पोटात गेली तर काही होत नाही, ती गाईगुरांत वाढतात. सोलियमची अंडी माणसाच्या पोटात गेली तर अळ्या रक्तातून स्नायूत, डोळ्यात, मेंदूत जाऊन बसतात, तेच न्यूरोसिस्टिसर्कोसिस, आपल्या देशात फिट्स येण्याचं एक मोठं कारण. आणि इथे आपल्या लोकांचा एक ठाम गैरसमज आहे की आम्ही डुकराचं मांस खात नाही तर आम्हाला कसं होईल. डुकराचं कच्चं मांस खाल्ल्याने आतड्यात टेपवर्म होतो. मेंदूतल्या गाठी होतात त्या अंड्यांमुळे, आणि अंडी येतात टेपवर्म असलेल्या माणसाच्या विष्ठेतून, न धुतलेल्या हातातून, मैल्याचं पाणी दिलेल्या भाजीतून. शुद्ध शाकाहारी घरातल्या माणसाला पण होतो, माझ्या ओळखीच्या एका घरात झालाय आणि त्या बिचाऱ्यांना आधी कितीतरी दिवस पटतच नव्हतं. हे मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगते आणि त्यासाठी मला सोलियमचा तुकडा सोलियमचाच हवा.

सर्केरियांसारखीच गत या टेपवर्मच्या अळ्यांचीही होती. डुकराच्या मांसात पाण्याच्या फुग्यांसारख्या सापडतात म्हणून पूर्वी त्यांचा वर्गीकरणात वेगळाच गट केलेला होता. क्युखेनमायस्टर नावाच्या जर्मन डॉक्टरने १८५५ साली देहदंड होणाऱ्या कैद्याला या अळ्या जेवणातून खायला घातल्या आणि देहदंडानंतर त्याच्या आतड्यात कोवळे टेपवर्म बघितले. प्रयोग माणुसकीला सोडून होता, त्या काळातही लोकांनी नावं ठेवली, पण त्यानंतर फुगा आणि फीत हे एकच आहेत यावर वाद उरला नाही.

शिस्टोसोमा या रक्तात राहणाऱ्या फ्लूकच्या तीन स्लाइड्स आहेत, नर, मादी आणि जोडी. जोडीची स्लाइड या बॉक्समधली सगळ्यात सुंदर, नराच्या पोटाची खोबण आणि तिच्यात बसलेली बारीक लांब मादी, आमच्याकडे जो येतो तो हीच आधी मागतो. फ्लूक सहसा उभयलिंगी असतात, यांच्यात नर-मादी वेगळे, आणि गंमत म्हणजे नराशिवाय मादी धड वयातच येत नाही, तिचं अंडाशय वाढत नाही. हे खूप आधीपासून माहीत होतं पण नर नेमकं काय देतो ते २०२२ साली कळलं, तो एक अगदी छोटा रेणू बनवतो, बीटा-अलानिन आणि ट्रिप्टामाइन जोडलेला, तो नुसता दिला तरी एकटी मादी अंडी घालायला लागते. हे वाचलं तेव्हा मी वर्गात जाईपर्यंत थांबू शकले नव्हते, बॅचच्या ग्रुपवरच टाकलं होतं.

लेबलवर मात्र नुसतं शिस्टोसोमा. कुठली जात? हिमॅटोबियम, मॅन्सोनी, की आपल्या गुरांतली स्पिंडेल? नराच्या अंगावरच्या पुटकुळ्या आणि वृषणांची संख्या बघून अंदाज करता येतो पण आमच्या स्लाइडमध्ये वृषणांचा भाग गडद राहिलाय. आणि हा विषय माझ्या फार जवळचा आहे कारण माझं आजोळ रत्नागिरी जिल्ह्यातलं. बिलहार्झने १८५१ साली कैरोत हा रक्तातला फ्लूक शोधला, पुस्तकात इजिप्त, आफ्रिका, चीन एवढंच येतं, मुलांना वाटतं आपला काय संबंध. पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लोकांना लघवीतून रक्त जायचं आणि १९५० च्या दशकात गाडगीळ आणि शहा यांनी दाखवलं की हा शिस्टोसोमाच आहे, तिथल्या पाण्यातल्या टोपीच्या आकाराच्या इवल्याशा फेरिसिया गोगलगाईतून येणारा. एका कोकणातल्या गावाचं नाव जगाच्या परजीवीशास्त्रात आहे आणि आपल्या मराठी मुलांना ते माहीत नसतं. गुरांत तर आपल्याकडे शिस्टोसोमाच्या कितीतरी जाती आहेत, एक नेझेल नावाची नाकाच्या शिरांत राहते आणि गाय-बैल घोरल्यासारखा श्वास घेतात, ती १९३३ साली मद्रासकडे राव यांनी वर्णन केली.

बाकीच्या भरभर सांगते. इकायनोकॉकस या टेपवर्मचा अख्खा प्रौढ कृमी बरोबर आणि फार छान, तीन-चार तुकड्यांचा, जेमतेम पाच मिलिमीटर, कुत्र्याच्या आतड्यातला हा एवढासा जीव माणसाच्या लिव्हरमध्ये नारळाएवढी गाठ करू शकतो हे स्लाइड दाखवल्याशिवाय पटत नाही. डायपायलिडियम हा टेपवर्म ठीक, दोन्ही बाजूंची जननछिद्रं दिसतात. हायमेनोलेपिस नाना, हाही टेपवर्म, फार फिकट रंगलाय, चालवून घ्यावा लागतो. प्लॅनेरिया, म्हणजे परजीवी नसलेला चपटा कृमी, आक्रसलेला, फिक्स करताना भूल न देता टाकलेला दिसतो. मोनोजेनियन (एकाच यजमानावर आयुष्य काढणारा चपटा कृमी) एकच, बेडकाच्या मूत्राशयातला पॉलिस्टोमा, हा जुना माल असणार, मागचे सहाही सकर (चिकटायच्या वाट्या) मोजता येतात. आणि पंचविसावी स्लाइड अ‍ॅस्कॅरिसचा आडवा छेद. अ‍ॅस्कॅरिस गोल कृमी आहे, त्याचा प्लॅटीहेल्मिंथिसच्या डब्यात संबंध काय? पंचवीस आकडा भरायचा म्हणून घातलीय असं मला वाटतं, आणि ज्याला माहीत नाही तो पोरगा हा चपट्या कृमींतला समजून पाठ करून टाकेल.

माहितीपत्रकाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं कारण मुलं छापलेलं खरं मानतात. त्यात वर्गीकरण असं दिलंय की टर्बेलारिया (बहुतेक मोकळे राहणारे), ट्रेमॅटोडा (फ्लूक), सेस्टोडा (टेपवर्म) हे तीन वर्ग, ट्रेमॅटोडाच्या आत मोनोजेनिया आणि डायजेनिया (गोगलगाईतून वाढणारे फ्लूक), आणि टर्बेलारियाच्या आत एसीला (साधे, मोकळे राहणारे छोटे कृमी). मी स्वतः असंच शिकले. पण मोनोजेनियाला वेगळा वर्ग करायला हवा हे रशियाच्या बिखोव्स्कीने १९३७ सालीच म्हटलं होतं, मुख्यतः माशांच्या कल्ल्यांवर आणि अंगावर राहणारे हे कृमी, मागच्या टोकाला हुक, सरळ एका यजमानात आयुष्य, डायजेनियासारखी गोगलगाईची भानगड नाही. एसीला तर १९९९ साली डीएनएच्या अभ्यासातून चपट्या कृमींच्या बाहेरच काढले गेले. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नियोडर्माटा हा शब्दच पत्रकात नाही. एलर्स या जर्मन शास्त्रज्ञाने १९८५ च्या सुमारास दाखवलं की फ्लूक, मोनोजेनियन आणि टेपवर्म या तिन्ही परजीवी गटांत लार्व्हा आपली सिलियावाली कातडी टाकून देतो आणि खालून नवी कातडी येते, पेशींच्या भिंती नसलेली एकसंध, जिची न्यूक्लियसं खाली खोल बसलेली असतात. नियोडर्मिस म्हणजे नवी कातडी, त्यावरून नाव. टेपवर्मला आतडं नसतं, तो सगळं जेवण याच कातडीतून शोषतो. यजमानाच्या पाचक रसांशी आणि प्रतिकारशक्तीशी पहिली गाठही हिचीच.

म्हणजे परजीवी असलेले तिन्ही गट एकाच पूर्वजाचे, आणि टर्बेलारिया हा कुळाच्या अर्थाने गटच नाही, जे नियोडर्माटात बसत नाहीत त्या सगळ्यांची एक टोपली. सोयीसाठी शब्द वापरायला माझी हरकत नाही, मीपण वापरते. तिघांचं आपसातलं नातं अजून पूर्ण मिटलेलं नाही, आधी लार्व्हाच्या मागच्या हुकांवरून मोनोजेनिया आणि टेपवर्म भावंडं मानायचे, आता जनुकांच्या मोठ्या अभ्यासांत फ्लूक आणि टेपवर्म जवळचे येतात, मोनोजेनिया हा एकच गट आहे का दोन यावरही शंका घेतात. एवढं जिवंत शास्त्र चालू आहे आणि आपण अजून जुनाट तक्ता छापून वाटतोय याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता सुट्या स्लाइड्स. रेडियाची तक्रार घेऊन गेले तेव्हा मालकांनी वाद न घालता ती स्लाइड परत घेतली, रेडिया त्यांच्याकडे नव्हती म्हणून पैसे वळते केले, आणि मग आतल्या खोलीत काकांकडे पाठवलं. काका कॉलेजच्या लॅबमध्ये नोकरीला होते, रिटायर झाल्यावर आठवड्यातून तीन दिवस इथे बसून हाताने स्लाइड्स करतात. लाकडी ट्रे, त्यात सत्तर-ऐंशी स्लाइड्स, दिसायला साध्या, लेबल कागदाचं आणि अक्षर बोरूने लिहिल्यासारखं. पहिलीच उचलली त्यावर मराठीत लिहिलेलं, गॅस्ट्रोथायलॅक्स क्रुमेनिफर, म्हैस, रूमेन (पोटाचा पहिला कप्पा), महू, १२ ऑगस्ट २०१९, बोरॅक्स कार्माइन, बाल्सम. मी तिथेच उभी राहून तीन वेळा वाचलं. एवढंच तर हवं होतं.

गॅस्ट्रोथायलॅक्स म्हणजे फ्लूकच, म्हशीच्या पोटात जाड गुलाबी दाण्यांसारखे शेकड्यांनी चिकटलेले असतात ते, पोटाकडे अख्ख्या अंगभर एक पिशवी असते आणि तिचं तोंड पुढच्या टोकाला. काकांकडे होल माउंट आणि आडवा छेद दोन्ही आहेत, छेदात पिशवी तिकोनी दिसते. माझा भाचा महूच्या व्हेटरनरी कॉलेजात आहे, त्याला दाखवल्या तर म्हणाला, “मावशी, या आमच्या म्युझियममध्ये ठेवाव्या अशा आहेत.” दुसरी घेतली ती वाम माशाच्या आतड्यातला सेंगा नावाचा टेपवर्म, खलघाटजवळच्या नर्मदेतला. आपण नळाने जी नर्मदा पितो तिच्यातला मासा आणि त्याच्यातला टेपवर्म, मुलं आपोआप पुढे सरकून बघायला लागतात. सेंगाच्या आपल्याकडे खूप जाती वर्णन झाल्यात, त्यातल्या बऱ्याच जातींवर पुढे प्रश्नचिन्ह लागलं कारण कृमी जास्त दाबला की मापं बदलतात, हुक गळतात, आणि पुन्हा तपासायला मूळ नमुना मिळत नाही. काका म्हणूनच कमी दाबतात, कृमी थोडा जाड राहतो, हाय पॉवरला फोकस वरखाली करत बघायला लागतो. मुलांना आधी त्रास होतो. मला तो त्रास मान्य आहे.

तिसरी कबुतराच्या आतड्यातला टेपवर्म, हा त्यांनी मुद्दाम ठेवलाय, म्हणाले नागपूरला मोघे सरांनी १९२० च्या दशकात पक्ष्यांच्या टेपवर्मवर काम केलं ते आपल्या लोकांना माहीत असावं म्हणून. मी विचारलं जातीचं नाव का लिहिलं नाही, तर म्हणाले, “ताई, खात्री नाही ना, जीनस लिहिलंय तेवढं बरोबर आहे.” या एका वाक्यासाठी मी त्या माणसाला पैकीच्या पैकी मार्क देईन. शिवाय ते प्रत्येक खेपेतले दोन-तीन कृमी फॉर्मलिनमध्ये न टाकता शुद्ध अल्कोहोलमध्ये छोट्या बाटलीत ठेवतात, कारण फॉर्मलिनने डीएनए खराब होतो, आणि बाटलीवर स्लाइडचाच नंबर. उद्या कोणी रिसर्चवाला आला तर त्याला तोच नमुना तपासता येईल. हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही, या कामाचे पैसेही ते लावत नाहीत.

किंमत एका स्लाइडची १४० ते २२०, म्हणजे बॉक्सच्या हिशोबाने दुप्पट ते तिप्पट. तोटे पण सांगते. बाल्सम (डीपीएक्सच्या जागी वापरतात तो झाडाचा चीक) वाळायला वेळ लागतो, एक स्लाइड मला अजून ओलसर असतानाच मिळाली, उभी ठेवली तर कव्हरस्लिप सरकली असती. पुढे वर्षांनी पिवळी पडणार ते वेगळं. लार्व्हा त्यांच्याकडे फार नाहीत, मानवी परजीवी जवळजवळ नाहीत, त्यामुळे सिलॅबस पूर्ण होत नाही. ऑर्डर दिली की महिना दीड महिना धरूनच चाला, आणि काकांची तब्येत बरी नसली की तेवढंही पक्कं नाही.

दुरुस्तीचं काम पण करतात. माझ्याकडे १९९४ सालची कॉलेजातली एक स्लाइड होती, कव्हरस्लिपला तडा गेलेला, ती दिली. झायलीनमध्ये बुडवून ठेवून जुना बाल्सम हळूहळू विरघळवला, अकरा दिवस लागले, मग नवी कव्हरस्लिप लावून दिली, कृमीला धक्का नाही, आणि जुनं लेबल फेकलं नाही, जपून परत चिकटवलं. ६० रुपये घेतले. मला लाज वाटली, शंभर दिले तर चाळीस परत केले.

तर मी काय करतेय ते सांगते. निळा बॉक्स परत केलेला नाही, स्टेनिंगसाठी आणि शिस्टोसोमाच्या जोडीसाठी ठेवलाय, पण चार स्लाइड्सवर स्वतः नवी लेबलं लावलीत, फॅसिओलावर बहुधा जायगँटिका, शाईवाल्या तुकड्यावर टीनिया सॅजिनाटा, शिस्टोसोमाच्या जोडीवर जात अनिश्चित, आणि अ‍ॅस्कॅरिसवर लाल पेनने गोल कृमी असं लिहून तो डब्यातून बाहेर काढलाय. माहितीपत्रक मुलांना देत नाही. बॉक्सला पाचपैकी अडीच, काकांच्या सुट्या स्लाइड्सना साडेचार, अर्धा फक्त वेळेचा कापला. ज्यांना नुसतं परीक्षेपुरतं स्पॉटिंग (नमुना बघून ओळखणं) करायचंय त्यांनी बॉक्स घ्या पण मी वर लिहिलेल्या जागा तपासून घ्या, दुकानात मायक्रोस्कोप आहे, मालक बघू देतात. ज्यांना शिकवायचंय त्यांनी चार-पाच का होईना, सुट्या घ्या. काका सोमवार, बुधवार, शनिवार अकरानंतर असतात. डिप्लोझून मिळाला तर ठेवा म्हणून सांगून आलेय, माशाच्या कल्ल्यावरचे दोन छोटे कृमी एकमेकांना आडवे चिकटून जन्मभर एक होऊन राहतात तो. काका म्हणाले पावसाळ्यात बघू, मासेवाल्याला सांगून ठेवतो. तोवर ट्रेमध्ये माझ्या नावाची एक खाच रिकामी ठेवलीय त्यांनी.